आधी तपासणी की मागाहून छाननी?

२००८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ऑनलाइन देणग्यांच्या दोन पद्धती समोरासमोर आल्या. रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांच्या प्रचारयंत्रणेने पैसे घेतानाच कार्डाचा पत्ता बँकेतल्या नोंदीशी ताडून पाहिला. डेमोक्रॅट उमेदवार ओबामांच्या यंत्रणेने पैसे आधी घेतले, छाननी मागाहून केली, शिवाय देणाऱ्याचा माग लागणे कठीण अशी प्रीपेड कार्डेही चालवून घेतली. परिणामी ‘डूडॅड प्रो’, ‘गुड विल’ असल्या बनावट नावांनी छोट्या छोट्या रकमा येत राहिल्या आणि एकेका नावावरची बेरीज तेव्हाच्या प्रतिव्यक्ती २,३०० डॉलरच्या कायदेशीर मर्यादेपलीकडे गेली.

मला आधीची तपासणीच पटते. एकूण २०० डॉलरपर्यंत देणाऱ्याचे नाव निवडणूक आयोगाला कळवावे लागत नाही. मग मागाहून चुका पकडणार कोण? मॅकेन यांनी ही छोटी नावेही जाहीर केली, हे मला फार मोलाचे वाटते.

तरी पत्त्याची पडताळणी पुरेशी नाही. ती मुख्यतः घरक्रमांक आणि पिनकोडसारखा झिप कोड जुळवते; देणारा नागरिक किंवा कायमचा रहिवासी आहे का, हे पाहत नाही. एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या मराठी अभियंत्याला देणगी देण्यास मनाई आहे, ग्रीन कार्डवाल्या, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या, शेजाऱ्याला मुभा. पण अमेरिकी बँकेचे कार्ड दोघांकडेही असते. तिथे अमेरिकी पासपोर्ट किंवा ग्रीन कार्डाची विचारणाच हवी.