म्हाताऱ्या कुत्र्याला मर्मर आहे म्हणाले, मग एक्स-रे आधी की इको?

दहा-अकरा वर्षांचा पॉम लसीला नेला की डॉक्टर स्टेथोस्कोप लावून म्हणतात, मर्मर आहे (ठोक्यांमध्ये येणारा जास्तीचा फुसफुस आवाज), ग्रेड 3. छोट्या जातीत या वयात बहुतेक वेळा मायट्रल व्हॉल्व्ह (हार्टच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप) जाड झालेला असतो, नीट मिटत नाही आणि रक्त उलटं डाव्या वरच्या कप्प्यात शिरतं. पण 1 ते 6 ही ग्रेड आवाजाची असते, हार्ट किती वाढलंय ते त्यावरून पक्कं कळत नाही.

कुत्रा मजेत खातोय, खोकला नाही, धाप नाही, तर माझ्या मते सरळ इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करा. महाग पडतो, मान्य, पण हार्टची गोळी चालू करायची की नाही ते इकोच ठरवतो. 2016 च्या एपिक स्टडीत लक्षणं नसलेल्या पण हार्ट वाढलेल्या कुत्र्यांना पिमोबेंडन ही गोळी दिल्यावर हार्ट फेल्युअर साधारण 15 महिने लांबलं, आणि हार्ट वाढलेलंच नसेल तर ती गोळी उगाच कशाला. रिपोर्टमध्ये एलए-एओ रेशो (डावा वरचा कप्पा महाधमनीच्या किती पट) बघा, 1.6 किंवा जास्त म्हणजे तो कप्पा वाढलाय. भूल सहसा लागत नाही, कुशीवर झोपवून धरतात, छातीचे थोडे केस काढतात (आठवडाभर ध्यान दिसतं ते). फक्त करणारा हार्टचा इको नेहमी करणारा हवा, पोटाची सोनोग्राफी करणाऱ्या प्रत्येकाला हे जमेलच असं नाही.

खोकला किंवा धाप असेल तर मात्र आधी एक्स-रे. फुफ्फुसात पाणी झालंय का ते त्यात दिसतं, आणि पॉमचा खोकला कित्येकदा हार्टचा नसून श्वासनलिका दबल्याचा असतो. हार्टचं माप पाठीच्या मणक्यांशी ताडून काढतात, 10.5 मणक्यांपर्यंत साधारण नॉर्मल धरतात, पण पग, बॉक्सर, लॅब यांचं मुळातच जास्त येऊ शकतं, आणि श्वास सोडताना फोटो निघाला तर चांगलं हार्टही मोठं दिसतं. इकोची सोयच नसेल आणि आकडा 11.5 च्या वर गेला तर तेवढ्यावरही डॉक्टर गोळीचा विचार करतात.

ईसीजी ठोके चुकत असतील तर, किंवा चक्कर येऊन पडला असेल तर. आकार त्यात नीट कळत नाही. डॉबरमनला तर दोन मिनिटांचा ईसीजी अपुरा, 24 तासांचा होल्टर (अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी) लागतो. प्रोबीएनपीची (हार्टवर ताण आला की रक्तात वाढतं ते) रक्ततपासणी इको लांब असेल तर उपयोगी, पण किडनी बिघडलेली असेल तर आकडा तसाही वाढतो, म्हणून किडनीची क्रिएटिनिन टेस्ट सोबतच करून घ्या.

कुठलीही टेस्ट ठरवा, गाढ झोपेत श्वास मोजायला आजपासूनच लागा, छाती वर-खाली मिळून एक. मिनिटाला 30 च्या आत हवेत. सतत वर राहिले तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तसाच उचलून दवाखान्यात न्या.