पद्मिनीचे इंजिन बांधताना: जुने बोल्ट की नवे?

प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन उघडून बसलेला मित्र याच पेचात आहे. खर्च पाहिला तर जुने बोल्ट फुकटच पडतात. मात्र ते रॉकेलमध्ये धुऊन, आटे ब्रशने साफ करून, प्रत्येकाची जाडी व्हर्नियरने मोजण्यात अख्खा दिवस जातो. संपचे (इंजिनाखालच्या तेलाच्या तबकाचे) आणि टायमिंग कव्हरचे (इंजिनाच्या पुढच्या झाकणाचे) बोल्ट एवढ्या मेहनतीवर खुशाल पुन्हा वापरावेत. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवर मात्र प्रत्येक फेऱ्यात ताण येतो. नट हाताने फिरवताना मध्येच अडकला तर बोल्ट ताणला गेल्याची शंका घ्यावी, कारण तो तुटल्यास रॉड ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) फोडून बाहेर येऊ शकतो. नव्या बोल्टच्या डोक्यावर १०.९ हा मजबुतीचा दर्जा कोरलेला असला, तरी लांबी आणि आटे जुन्याशी ताडून पाहावेत (नुसत्या चकाकीवर जाऊ नये). रविवारच्या फेरफटक्यापुरती गाडी असेल तर रॉडचे बोल्ट तेवढे नवे पुरेत. घाट चढायचे असतील तर हेडचे स्टडही (इंजिनाचा वरचा भाग ब्लॉकला आवळून धरणारे आटेदार दांडे) बदलावेत.