वरखर्च थांबवायचा, पण किती दिवस? पंधरवडा, महिना की चातुर्मास

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. मागून झाऱ्याचा खणखणाट ऐकू येत होता, म्हणजे बाईसाहेब इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात उभ्या होत्या. "मावशी, उद्यापासून महिनाभर वरखर्च बंद. एक रुपयासुद्धा नाही. जमेल ना?" मी म्हटलं, "हातातला गराडू आधी संपव, तळलेला कंद तो, गार झाला की चिवट होतो. मग बोलू."

तिच्या क्रेडिट कार्डावर 40,000 रुपये थकले आहेत. म्हणजे विचार चांगला आहे, घाईही बरोबर आहे. प्रश्न फक्त मुदतीचा. गेल्या काही वर्षांत मी पंधरवडा, महिना आणि चातुर्मास अशा तिन्ही मुदती करून पाहिल्या. तिन्हींतून वेगवेगळी गोष्ट हाती लागते, आणि बहुतेकांची गफलत तिथेच होते. महिन्याकडून जे हवं असतं ते पंधरवड्याकडून मागतात, मग "असलं काही आमच्याच्यानं होत नाही" म्हणून सोडून देतात.

आधी वरखर्च कशाला म्हणायचं ते ठरवा. आमच्याकडे किराणा, दूध, वीज, गॅस, औषधं, फी आणि अहेर सोडून बाकी सगळा वरखर्च. अहेर का वगळला यावरून घरात थोडा वाद झाला. रविवारचे बाहेरचे पोहे-जिलबी का नाही वगळले यावरून फार मोठा झाला. इंदुरात पोहे-जिलबीला वरखर्च म्हणणं म्हणजे घरात फितुरी केल्यासारखंच. तरी मी नमले नाही, कारण पोहे घरी होतात. जिलबीचं मात्र उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पंधरवड्यासाठी आपल्याकडे तयार मुहूर्त आहे, किंवा मुहूर्त नसण्याची तयार सोय आहे म्हणा: पितृपक्ष. आपला भाद्रपद वद्य, शेजारच्या हिंदी घरातला आश्विन कृष्ण. पंचांग वेगळं, दिवस तेच. नवीन कपडा नाही, भांडं नाही, सोनं नाही. कोणी "का घेत नाही?" असं विचारतही नाही, आणि हा फायदा लहान नाही. पैसे वाचवतोय हे सांगायला लाज वाटणाऱ्यांना श्राद्धपक्ष हे कारण सन्मानाचं आहे.

मी त्या पंधरा दिवसांत घ्यावंसं वाटलेलं सगळं कालनिर्णयच्या उलटलेल्या पानामागे लिहून ठेवलं. नवा मिक्सर, बेडशीट, कानातले, मुलासाठी हेडफोन, शीतलामाता बाजारात पाहिलेली एक माहेश्वरी साडी. अकरा वस्तू झाल्या. घटस्थापनेनंतर यादी वाचली तर त्यातल्या चारच घ्याव्याशा वाटल्या. दोन तर कशासाठी लिहिल्या होत्या ते आठवेना.

पंधरवडा नेमका यासाठी चांगला: एकदाच होणाऱ्या, जरा मोठ्या, मनात येऊन बसलेल्या खरेदीसाठी. रोजच्या चहा-कचोरीवर त्याचा काही उपाय चालत नाही, पंधरा दिवसांनी ती जशीच्या तशी परत येते. शिवाय पितृपक्ष संपला की दुसऱ्या दिवशी नवरात्र, आणि सगळ्या सवलतींच्या जाहिराती तेव्हाच अंगावर येतात. यादी जवळ नसेल तर सोळाव्या दिवशी आधीचा सगळा संयम एका दुपारीत फिटतो. माझी ती माहेश्वरी तशीच आली. चांगली आहे, पण तशीच आली.

आता महिना. सगळ्यात जास्त बोललं जातं ते याबद्दल, आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते. माझेच आकडे सांगते. आमचा वरखर्च महिन्याला साधारण 7,000. बंदीच्या महिन्यात तो 1,800 वर आला, म्हणजे 5,200 वाचले. मी खूश. पुढच्या महिन्यात तोच खर्च 9,900 झाला, म्हणजे नेहमीपेक्षा 2,900 जास्त. दोन महिने मिळून खरी बचत 2,300. पैसे त्याच खात्यात पडून होते, फोनवरून यूपीआयने एका बोटावर निघत होते आणि आम्ही तर "महिनाभर किती सोसलं" म्हणून स्वतःला बक्षीस देत होतो. बंदी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सियागंजातून मी सुकामेवाही भरून आणला होता. तो हिशेबात धरलेला नाही, धरायचा तर अजून लाज वाटेल.

मग महिना करायचाच कशाला? खर्चाच्या वहीसाठी. महिन्याला येणारा प्रत्येक खर्च तीस दिवसांत एकदा तरी तोंड दाखवतो, पंधरवड्यात निम्मे लपून राहतात. मला त्या महिन्यात तीन ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप कापले जाणारे हप्ते, सापडले. त्यातलं एक मुलाच्या जुन्या शिकवणीच्या ॲपचं होतं, आणि शिकवणी संपून वर्ष झालं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर 2021 पासून असे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी कळवावं लागतं. मेसेज दर महिन्याला येत होता, मीच वाचत नव्हते. ही गळती एकदा बंद केली की कायमची बंद होते; संयमाचे 5,200 पुढच्या महिन्यात परत जाऊ शकतात, हे पैसे जात नाहीत. म्हणून महिना करणाऱ्यांना मी म्हणते, पहिल्याच दिवशी ऑटोपेची यादी उघडा आणि रोज रात्री वही लिहा. वही नसेल तर तो महिना नुसता उपास.

महिना कोणता निवडायचा यालाही अर्थ आहे. श्रावण-भाद्रपद सोडून द्या. गणपती आणि महालक्ष्म्या घरात असताना खर्चबंदी करणारीनं मला येऊन शिकवावं. पौष बरा, लग्नं नसतात. पण संक्रांतीचं हळदीकुंकू आणि त्याची लुटायची वाणं आधीच जमेला धरा. काहींना अधिक महिना सोयीचा वाटतो, कारण मोठी खरेदी आपोआप टळते. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. फक्त घरात नवा जावई असेल तर तिकडे फिरकू नका. 33 अनारसे, त्यावर तूप, चांदीचं निरांजन आणि जावयाचे कपडे एवढं झाल्यावर खर्चबंदी कसली!

महिन्याची दुसरी अडचण म्हणजे तो सगळ्या घराला करावा लागतो. एकटीनं केला तर बाकीचे तुमच्या वाचवलेल्या पैशांत पिझ्झा मागवतात.

चातुर्मासाचं तसं नाही. आषाढी ते कार्तिकी एकच गोष्ट सोडायची, बाकी संसार चालू द्यायचा. मधे गणपती, दसरा, दिवाळी येऊन जातात आणि नेमाला धक्का लागत नाही, कारण नेम एकाच गोष्टीचा असतो. आमची आजी वांगी सोडायची. त्यानं पैसे वाचत नसत हेही खरं, भरीत गेलं की बटाट्याची भाजी यायची. पैशाच्या नेमातला सगळ्यात मोठा धोका आजीच्या ताटात दिसतो: सोडलेल्या गोष्टीच्या जागी तिची बहीण येऊन बसते.

मी घरपोच मागवलेलं खाणं सोडलं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी सरासरी 280 रुपये. सतरा आठवड्यांत 51 वेळा, म्हणजे 14,280 रुपये वाचायला हवे होते. या वेळी शहाणपणा एवढा केला की मागवण्याचा मोह आवरला की त्याच मिनिटाला 280 रुपये दुसऱ्या खात्यात पाठवायचे. त्या खात्याला यूपीआय जोडलेलंच नाही, पैसे काढायचे तर बँकेत जावं लागतं. कार्तिकीला पाहिलं तर 32 वेळा पाठवले होते, 8,960 रुपये. उरलेल्या 19 वेळा मी परतताना लौंग शेव नाहीतर कचोऱ्या घेऊन आले होते. बहीण येऊन बसली होती. तरीही 8,960 हा माझ्या तिन्ही प्रयोगांतला सगळ्यात मोठा आकडा, आणि त्यात सोसल्याची भावना सगळ्यात कमी. आता आठवड्यातून एकदाच मागवतो, तेसुद्धा नेम संपल्यावर आपसूक. तोटा एकच: चार महिने लागतात. ज्याला पैसे आत्ता हवेत त्याला हे सांगून उपयोग नाही.

भाचीला ते आत्ताच हवेत, म्हणून तिच्यासमोर हिशेब मांडला. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के धरले, बऱ्याच कार्डांवर दर याच्याच आसपास असतो, तर 40,000 वर 1,400 रुपये व्याज. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 252 रुपये. तिनं 2,000 भरले तर मुद्दल कमी होतं 348 रुपयांनी. ती बराच वेळ गप्प राहिली. वर, थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या कचोरीलासुद्धा आजपासून व्याज. चार महिने एकेक पदार्थ सोडत बसायची ही वेळ नाही आणि पंधरवड्यानं तिचं भागणार नाही. तिला महिनाच हवा, तोही वाचलेले पैसे त्याच आठवड्यात कार्डावर भरून. महिनाअखेरीला नाही. महिनाअखेरीला ते नसतात, मला विचारा.

कर्ज नसलेल्या, पण पगार कुठे जातो ते न कळणाऱ्यांनाही मी महिनाच सांगेन, वहीपुरता. कुठे जातो ते कळतंय पण हात थांबत नाही, अशांना चातुर्मास. घरात फ्रिज, फोन किंवा सोन्याचा विषय निघाला असेल तर पंधरवडा पुरे, त्यासाठी पितृपक्षाची वाट पाहायचीही गरज नाही.

तिनं कार्ड माझ्याकडे आणून दिलं, "कपाटात ठेव." मी हसले. खरेदीच्या सगळ्या ॲपांत ते आधीच जोडलेलं आहे, प्लॅस्टिक कपाटात ठेवून काय होणार? बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करायचं बटण असतं, ते माझ्यासमोर दाबायला लावलं. दाबताना तिनं विचारलं, "मावशी, दुसऱ्या कुणी गराडू खाऊ घातला तर चालेल?" म्हटलं, चालेल, पण वहीत त्याचं नाव लिही. पुढच्या महिन्यात त्याला खाऊ घालावा लागेल. तिनं पहिल्याच पानावर माझं नाव लिहिलं.