गोल्डफिशच्या टाकीत द्राक्षबागेचं खत: ०:०:५० वापरून पाहिलं

०:०:५० म्हणजे नत्र (नायट्रोजन) शून्य, स्फुरद (फॉस्फरस) शून्य आणि पालाश, म्हणजे पोटॅश, ५० टक्के. हे खत ज्यांच्यासाठी बनलंय ते निफाड-दिंडोरीचे द्राक्षवाले. मी ते घालतो ९० लिटरच्या फिश टँकमध्ये, तेव्हा बागायतदारांनी हा रिव्ह्यू सोडून दिला तरी चालेल.

माझ्याकडे दोन ओरांडा जातीचे गोल्डफिश आहेत. गोल्डफिश झाडं ठेवत नाहीत हे खरंच आहे. व्हॅलिस्नेरिया रात्री लावलं की सकाळी वर तरंगताना सापडतं. टिकतात ती कडक पानांची ॲन्युबियास आणि जावा फर्न, लाकडाला दोऱ्याने बांधलेली. माझी टिकली, पण जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडायला लागली, भोकाभोवती पिवळी कड. मला वाटलं मासेच टोचतायत. मग ‘संपूर्ण पोषण’ लिहिलेली एक महागडी बाटली आणली (नाव राहू दे) आणि महिनाभर टोपणाने मोजून घातली. भोकं तशीच, वर काचेवर शेवाळ आणि पानांच्या कडांना काळी दाढी, म्हणजे केसांसारखं काळं शेवाळ!

नायट्रेट तपासलं. माझ्या थेंबांच्या टेस्ट किटमध्ये दुसऱ्या नंबरची बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवावी लागते, नाहीतर आकडा कमी दिसतो. मी कितीतरी दिवस तिथेच फसत होतो. या वेळी नीट हलवली तर नळी लालभडक. ४० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) की ८०, ते दोन लाल मला आजही वेगळे ओळखता येत नाहीत.

मामा घरी आला होता. त्याची द्राक्षबाग आहे. टाकीत डोकावून म्हणाला, “अरे, हे तर पोटॅश कमी पडल्याचं पान. आमच्याकडे कडा करपतात, तुझ्याकडे भोकं पडलीत. नत्र आणि स्फुरद काय, हे दोघं दिवसभर हगतायतच की!”

मला हे आधी सुचायला हवं होतं. मासे अमोनिया सोडतात, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. स्फुरद खाद्यातून येतं. पालाश त्या मानाने फारच थोडा. आणि मी पैसे मोजून नत्रावर नत्र ओतत होतो.

कृषी सेवा केंद्रात किलोची पिशवी दोनशेच्या आत मिळाली. घेताना पिशवीवर ‘सल्फेट ऑफ पोटॅश’, पोटॅश ५० टक्के, गंधक १७.५ टक्के हे वाचून घ्या. शेजारच्याच फळीवर १९:१९:१९ असतं. त्यात अमोनियाचं नत्र आणि युरिया असतो, ते टाकीत गेलं तर मासे गेलेच समजा. लाल पोटॅशही नको.

मी ५० ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून ठेवलंय. १० मिलि म्हणजे १ ग्रॅम. पिशवीवरचे ५० टक्के हे के-टू-ओचे (पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाने), निव्वळ पोटॅशियम ४१ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे माझ्या टाकीत दर डोसला साधारण साडेचार पीपीएम. आठवड्याला ४० टक्के पाणी बदललं की एकच डोस.

तक्रारी आहेत. विरघळायला वेळ लागतो, बाटली संध्याकाळभर येता-जाता हलवत होतो. पिशवीला झिप नाही, पावसाळ्यात ढेकळं होतात. आणि प्रमाण लिहिलंय एकराच्या हिशेबात.

दीड महिन्यात ॲन्युबियासची तीन नवी पानं आली, तिन्ही अखंड. जुनी भोकं बुजत नाहीत, ती पानं मी कापून टाकली. काळी दाढी कमी झाली, पण त्याचं श्रेय बाटली बंद केल्याला आणि खाद्य निम्म्यावर आणल्याला. नायट्रेट आता २०च्या आसपास राहतं.

पाचपैकी चार तारे. एक कापला पिशवीसाठी. आठवड्याला एक ग्रॅमने किलो संपायला एकोणीस वर्षं लागतील, इतके तर मासेही जगायचे नाहीत. आईने त्यातलं वाटीभर मोगऱ्याला नेलंय, न विचारता.