सहाशेचा मल्टिमीटर आणि बाबांची जुनी व्हॅन, नऊ महिन्यांनंतर

व्होल्ट, करंट, ओम मापायचा हा मीटर डिसेंबरात घेतला, आता चवथ होऊन गेली, म्हणजे नऊ महिने धरा. साधाच, पिवळा, मधे गोल बटणवाला, 600 रुपये. ब्रँड सांगत नाही कारण हेच मीटर पाच-सहा नावांनी विकतात.

घ्यायची पाळी का आली ते आधी. आमची 2007 ची पेट्रोल व्हॅन, सात सीटर, इंजिन पुढच्या सीटखाली. बाबा तिला विकायला तयार नाहीत, दर शुक्रवारी डिचोलीहून म्हापशाच्या बाजाराला तीच लागते. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता स्टार्टिंगचा त्रास सुरू झाला. चावी फिरवली की कधी नीट, कधी घर्र... घर्र... असं म्हाताऱ्यासारखं, कधी नुसतं कट्. मेस्त (आमचा मेकॅनिक) म्हणाला बॅटरी मेली रे. नवी घातली, दहा दिवस बरं, परत तेच. मग म्हणाला स्टार्टर, म्हणजे चावी फिरवली की इंजिन फिरवणारी मोटर. तो काढून आतले झिजणारे भाग, कार्बन आणि बुश, बदलले, परत दहा-पंधरा दिवस बरं. आता वाटतं की दोन्ही वेळा काम करताना वायरी हलल्या असणार म्हणून तेवढं बरं वाटलं, पण तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार. आणि मग डिसेंबरात दिवाडी बेटाच्या फेरीबोटीवर, पलीकडे पोचलो, पुढच्या गाड्या उतरल्या आणि आमची कट्. मागे सगळे हॉर्न मारतायत, आई गाडीत बसून, चार जणांनी ढकलून वर काढली. त्या रात्रीच मीटर ऑर्डर केला, रागाने.

पहिलं माप सोपं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज (12.2 म्हणजे अर्धी, 12 ला आली की जवळपास संपली). इंजिन चालू असताना 14.1, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर पण ठीक. इथेच बरेच लोक मीटर ठेवून देतात आणि म्हणतात सगळं ओके आहे मग स्टार्टरच गेला. मी पण ठेवणार होतो.

खरी मजा स्टार्टर फिरत असताना माप घेण्यात. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवला म्हणजे इंजिन पेटणार नाही, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, सीट उचललेली, बाबा खिडकीतून हात घालून चावी फिरवतायत आणि मी वाकून आकडा बघतोय. बॅटरीवर 11.5. मी खूश, एवढाच ड्रॉप म्हणजे बॅटरी एकदम दणकट. पण मग इंजिन एवढं हळू का फिरतंय? दोन दिवसांनी ट्यूब पेटली की स्टार्टर जोरात ओढत असेल तर बॅटरी दहा-साडेदहापर्यंत खाली यायलाच पाहिजे. 11.5 वर राहतेय म्हणजे करंट पोचतच नाहीये, वाटेत कुठेतरी अडलाय. हेडलाइट पण तेव्हा मंद होत नव्हते, ते मेस्ताला सांगितलं होतं पण त्याने कानावर घेतलं नाही आणि मला पण अर्थ कळला नव्हता.

मग चावी फिरवताना वायरीची दोन टोकं धरून मापायचं, जो आकडा येईल तेवढे व्होल्ट त्या वाटेत वाया जातायत. बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत, चावी फिरवताना, 0.3. चालेल, अर्ध्या व्होल्टच्या आत असलं की झालं. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंत 0.1. मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत 3.2!! बारातले तीन व्होल्ट तिथेच खलास. म्हणजे दोष बॉडी आणि इंजिन जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीत, जिच्यातून करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जातो. खाली झोपून बघितली तर वेणीसारखी तांब्याची पट्टी, हात लावला तर हिरवा भुगा, चार-पाच तारा कशाबशा शिल्लक. आमच्याकडे पाऊस आणि खारी हवा, लोखंडाचं काय होतं ते सगळ्यांना दिसतं, तांबं आतून खाल्लं जातं ते दिसत नाही.

आणि एक गोष्ट जी मला आजही भारी वाटते. त्या वर्षात क्लच केबल दोनदा बदलली होती, दोन्ही वेळा आतून कडक होऊन अडकलेली. आम्ही केबलच्या क्वालिटीला शिव्या घातल्या. पण इंजिनला अर्थ नीट मिळाली नाही की स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो, क्लचची केबल, अॅक्सिलरेटरची केबल, जे लोखंड इंजिनला आणि बॉडीला जोडलेलं असेल ते. केबल आतून तापून जळत होती!

नवी जाड वायर, तिच्या टोकांना दोन लग (बोल्टसाठी भोक असलेले तुकडे), बॉडीवरचा पेंट खरवडून घट्ट बोल्ट, वरून व्हॅसलिन. 250 रुपये. आता ब्लॉकपर्यंत 0.1 आणि बॅटरी चावी फिरवताना 10.4. आकडा आधीपेक्षा कमी आणि गाडी एका दमात चालू, हे बाबांना समजावताना नाकी नऊ आले. पावसाळाभर एकदाही घर्र नाही. क्लच केबल तीच.

जुलैत वेगळा त्रास झाला, इंजिन जोरात फिरतं पण पेटत नाही, तेही पावसाच्या सकाळीच. चावी ऑन केली की पंपाचा दोन सेकंद घूं आवाज येत होता, म्हणजे पंप चालू, मग ठिणगी बघायची, म्हणून मी प्लगच्या वायरी मापल्या, दोन 6-7 किलोओम आणि तिसरीवर डावीकडे नुसता 1 (माप रेंजच्या बाहेर गेलं की हा मीटर तसं दाखवतो), म्हणजे आतून तुटलेली. तिन्ही बदलल्या, संपलं.

आता मीटरची गाऱ्हाणी. प्रोब (टोकाला सुई असलेल्या मापायच्या वायरी) एकदम फालतू, तिसऱ्या महिन्यात एक वायर मुळाशी तुटली, वेगळे चांगले घ्या. लाइट नाही त्यामुळे सीटखाली मोबाइल दातात धरायचा. आकडा हळू बदलतो, चावी तीन-चार सेकंद तरी फिरवायला लागते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे 10 अँपिअरच्या भोकात प्रोब ठेवून चुकून बॅटरीच्या दोन टोकांना लावू नका, या स्वस्त मीटरना त्या भोकाला बरेचदा फ्यूजच नसतो. मी लावलं. प्रोबचं टोक वितळलं, बॅटरीवर काळा डाग अजून आहे आणि आई अजून सांगते येणाऱ्या-जाणाऱ्याला.

गाडी बंद असताना स्टिरिओ 180 मिलीअँपिअर खातो ते पण या मीटरनेच सापडलं, 50 च्या वर नको. बाबा स्टिरिओ काढू देत नाहीत, म्हणून रात्री फ्यूज काढतो.