सीपी४ बायपास किट: एफ-२५०ने ट्रेलर ओढत असाल तर घ्याच

माझी २०१५ची फोर्ड एफ-२५० पिकअप आहे, ६.७ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिन. दर उन्हाळ्यात ह्यूस्टनहून कोलोरॅडोला कॅम्पर ओढत नेतो, गाडीत बायको आणि दोन पोरं, त्यामुळे घाटात इंजिन बंद पडणं मला परवडणारच नाही. एस अँड एस डिझेल कंपनीचं हे किट बसवून दोन उन्हाळे झाले म्हणून लिहितोय.

आधी एक गैरसमज काढा, या किटने पंप वाचत नाही! सीपी४ म्हणजे इंजेक्टरना हाय प्रेशरने डिझेल पुरवणारा पंप, त्याला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण, आणि अमेरिकेतलं डिझेल त्या बाबतीत जरा कोरडंच (इथल्या स्टँडर्डला चाचणीत ५२० मायक्रॉनपर्यंत झीज चालते, युरोपात ४६०). त्यात पाणी किंवा हवा गेली की पंपातला रोलर कॅमवर घासायला लागतो, लोखंडाचा चुरा निघतो आणि तो रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल वाटणारी नळी), आठही इंजेक्टरमध्ये, रिटर्न लाइनने टाकीत, सगळीकडे जातो. बिल हजारो डॉलर. किट काय करतं, तर कॅमच्या बाजूचं डिझेल टाकीकडे वळवतं आणि हाय प्रेशरच्या बाजूला फिल्टरचं स्वच्छ डिझेल देतं. पंप गेला तर गेला, इंजेक्टर वाचतात. टाकी तेवढी साफ करावी लागणार.

मला चारशे डॉलरच्या आसपास पडलं, त्या मानाने खूपच स्वस्त वाटलं. घरीच बसवलं, अर्धा शनिवार गेला. पण एक सांगतो, बसवून झाल्यावर लगेच सेल्फ मारू नका!! चावी ऑन करून तीस सेकंद थांबा, बंद करा, असं पाच-सहा वेळा करा, लाइनमधली हवा निघू दे, कोरडा पंप फिरवणं म्हणजे ज्याला घाबरून किट घेतलं तेच आपल्या हाताने करणं.

किट आहे म्हणून बाकीचं सोडू नका. दोन्ही फिल्टर मी १५ हजार मैलांना बदलतो, तेव्हाच पंपावरचा कंट्रोल व्हॉल्व काढून जाळीवर धातूची चमकी दिसते का बघतो. वॉटर सेपरेटर महिन्याला ड्रेन, आणि ट्रेलर मागे असताना टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देत नाही.

ड्युरामॅक्सवाल्यांनो (शेव्ही-जीएमसीचं डिझेल), २०११ ते २०१६च्या एलएमएल इंजिनमध्ये हाच पंप आहे पण किट वेगळं येतं, ऑर्डर करताना नीट बघा. २०१९-२०च्या रॅम पिकअपच्या ६.७ कमिन्सवाल्यांनी पैसे घालायच्या आधी रिकॉल झालाय का तपासा, त्यात कंपनी सीपी४ काढून सीपी३ हा दुसरा पंप बसवून देते, फुकट.