कापसाचा चुकारा कशात घ्यावा : नगदी, खात्यात की फोनवर?

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा झाली, पहिला वेचा घरात आला, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात माझ्याकडे लोक एकच प्रश्न घेऊन येतात : चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, कशात घ्यावे? परवा पुतण्या आला. “काका, व्यापारी घरूनच मोजून नेतो म्हणते. नगदी देतो म्हणते. घेऊ, का खात्यात टाकाले सांगू?”

मी दहा वर्षं गावात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवलं. लोकांचा अंगठा लावायचा आणि पैसे हातात द्यायचे, हेच काम. त्या दहा वर्षांत भाव, हमाली आणि कट्टी (वजनातली कपात) यांच्याइतक्याच महत्त्वाच्या दोन गोष्टी कळल्या. आपला पैसा कोणाकोणाला दिसतो ही एक. आणि त्या वाटेनं दुसऱ्याचा मैला पैसा आपल्या दारात येऊ शकतो का, ही दुसरी. दोन्हींकडे पाहूनच ठरवावं. नुसतं पहिलीकडे पाहणारा नगदीकडे पळतो आणि नुसतं दुसरीकडे पाहणारा बँकेकडे.

नगदी

नगदीचा मोठा गुण म्हणजे ती कुठंच नोंदली जात नाही. ज्याच्या पीककर्जाच्या खात्याला बँकेनं होल्ड लावला आहे, म्हणजे पैसे काढणं अडवलं आहे, त्याला हा गुण नीट कळतो. चुकारा खात्यात पडला की आधी बँक हात घालते. मग मजुरीचे पैसे कुठून द्यायचे? वेचणीवाल्या बाया संध्याकाळी दारात उभ्या असतात. त्यांना ‘बँकेनं अडवलं’ असं सांगता येत नाही.

नगदीचा दुसरा गुण मला आईमुळे कळला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी आईनं ज्वारीच्या कणगीतून चुंगडी काढली. आत साडेचौदा हजार रुपये होते, वीस-बावीस वर्षांत एकेक नोट बाजूला टाकून जमवलेले. बाबांना त्यातला रुपयाही माहीत नव्हता. ते पैसे सगळ्यांसमोर ओसरीवर मोजले गेले आणि त्या दिवसापासून ते तिचे राहिले नाहीत. पैशाचा खासगीपणा म्हटलं की मला तिची ती खाली गेलेली मान आठवते. ‘लपवायचं काही नाही तर भीती कशाची’ असं कोणी म्हटलं की मला राग येतो, तो यामुळे.

आता नगदीची दुसरी बाजू. ती दिल्लीला दिसत नाही, पण गावाला लख्ख दिसते. व्यापारी ओसरीवर नोटा मोजतो. संध्याकाळपर्यंत उसने मागणारा, बियाण्याची उधारी मागणारा आणि सावकार, तिघंही येऊन जातात.

कायद्याची मर्यादाही आहे. १ एप्रिल २०१७ पासून एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका सौद्यापोटी दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी हा नियम शेतकऱ्याला लागू आहे. दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला होतो आणि तो घेतलेल्या रकमेइतकाच असतो. २०२५-२६ च्या हमीभावानं लांब धाग्याचा कापूस ८११० रुपये क्विंटल होता. २४ क्विंटलचे १,९४,६४० होतात. पंचविसावा क्विंटल काट्यावर चढला की २,०२,७५०. सोयाबीनला त्याच वर्षीच्या ५३२८ च्या भावानं ही रेघ अडतिसाव्या क्विंटलला येते. दोन लाखांच्या आतल्या नगदीला शेतकऱ्यानं भिण्याचं कारण नाही. आयकर खात्यानं नोव्हेंबर २०१७ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे.

मला जास्त काळजी हिशेबपट्टीची, म्हणजे विक्रीच्या पावतीची वाटते. खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन माल नेतो तेव्हा, पट्टी मिळत नाही आणि आपणही मागत नाही. काळा पैसा पांढरा करताना तो तीन पायऱ्यांनी जातो. आधी कुठंतरी टाकायचा, मग हातोहाती फिरवायचा, शेवटी कायदेशीर दिसेल अशा जागी मुरवायचा. मुरवायला शेतीसारखी जागा दुसरी नाही, कारण इथल्या उत्पन्नावर कर नाही. शहरातला एखादा कंत्राटदार आपल्याकडे दहा एकर घेतो, त्यावर कधी न पिकलेला कापूस कागदावर पिकवतो आणि त्याला विक्रीच्या पट्ट्या लागतात. तुझा कापूस बिनपट्टीचा गेला की तेवढा माल हिशेबाबाहेर राहतो आणि त्यावर कोणाच्याही नावाची पट्टी फाडता येते. घाम तुझा आणि उत्पन्न त्याचं. म्हणून नगदी घे, पण पट्टीवर घे.

खात्यात

बाजार समितीत सगळ्याच बँक व्यवहारांना आरटीजीएस म्हणतात. खरं तर दोन लाखांखालचा पैसा एनईएफटीनं जातो. दोन्ही सेवा आता चोवीस तास चालतात, एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून. त्यामुळे ‘उद्या बँक उघडली की टाकतो’ हे व्यापाऱ्याचं बोलणं मानू नये. चेक तर घेऊच नये. पुढच्या तारखेचा चेक देऊन गेलेला व्यापारी शोधायला किती हेलपाटे पडतात, ते ज्याला पडले त्याला विचारा.

खात्यातला पैसा गावाला दिसत नाही, सरकारला दिसतो. बँक एका महिन्यात दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांची आणि संशयास्पद वाटणाऱ्या कुठल्याही व्यवहाराची माहिती फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला देते. हे युनिट २००४ मध्ये झालं. मनी लाँडरिंगविरोधी कायदा २००२ चा आहे, तो लागू झाला १ जुलै २००५ ला. पंधरा-वीस क्विंटलवाल्या शेतकऱ्याला या डोळ्याचा त्रास सहसा होत नाही. त्याला त्रास होतो होल्डचा, आणि त्यावर उपाय आहे. कर्ज एका बँकेत आणि चुकाऱ्याचं बचत खातं दुसऱ्या बँकेत ठेवायचं. मी कर्ज बुडवायला सांगत नाही. आधी मजुरी आणि मग हप्ता, हा क्रम शेतकऱ्याच्या हाती राहावा एवढंच म्हणतो.

सीसीआयला, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर पर्याय नाहीच, पैसा आधार जोडलेल्या खात्यातच येतो. इथं एक जुना खेळ चालतो. भाव पडले की व्यापारी गावात येतो. “तुझा सातबारा दे, नोंदणी करून दे, कापूस माझा, पैसे आले की काढून दे, क्विंटलमागं शंभर-दोनशे तुझे.” शेजारधर्म म्हणून लोक देतात. पण त्या क्षणी खातं तुझं राहत नाही. एकरी किती कापूस घ्यायचा याच्या मर्यादेतला तुझा वाटा त्याच्या मालानं भरतो आणि चौकशी आली तर सही तुझी सापडते.

फोनवर

युपीआय २०१६ पासून आहे. चहाच्या टपरीपासून बैलबाजारापर्यंत स्कॅनर लागला. सोय मोठी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दुसऱ्याचा मैला पैसा आपल्या दारात यायचा सगळ्यात सोपा रस्ताही हाच आहे.

माझ्याच केंद्राची गोष्ट. एक अनोळखी पोरगा आला. “तीन हजार स्कॅन करतो, नगदी द्या.” मी दिले. असं रोज दहा जणांना देत होतो. बारा दिवसांनी माझं अख्खं खातं बंद. दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाला फोनवर फसवलं होतं. त्याचा पैसा पाच-सहा खात्यांतून फिरत त्या पोराकडे आला आणि त्यातले तीन हजार माझ्याकडे. तक्रारीच्या मागं मागं होल्ड येत गेला. माझ्या खात्यात गावातल्या निराधार बायांना द्यायचे पैसे होते. एका बँकेनं मला ४१ दिवस एकच उत्तर दिलं, ‘वरून आहे’. आदेशाचा कागद दाखवा म्हटलं तर कागद नव्हता. तीन हजारांसाठी सगळं खातं कशाला, याला उत्तर नव्हतं. त्यानंतर मी केंद्र बंद केलं.

मी नकळत सापडलो. काही पोरं जाणूनबुजून सापडतात. बारावी झालेलं, कामधंदा नसलेलं पोरगं असतं. कोणीतरी सांगतं, खातं उघडून दे, पासबुक, एटीएम आणि सिम असं ‘किट’ दे, महिन्याला पाच हजार घे. पोराला वाटतं, माझे कुठं पैसे जातात. अशा खात्याला बँकेच्या भाषेत म्युल खातं म्हणतात. चोरी झाल्या झाल्या काही मिनिटांत पैसा एका किटमधून दुसऱ्यात जातो आणि शेवटच्या टोकाला एटीएममधून नगदी होतो किंवा क्रिप्टो होतो. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं अशी खाती हुडकायला म्युलहंटर नावाची यंत्रणा केली आहे. पोलीस शेवटी ज्याच्या दारात येतात, तो किटवाला पोरगा असतो. पैसा कुठला हे माहीत असून मदत केल्याचं सिद्ध झालं तर तीन ते सात वर्षांची सक्तमजुरी आहे.

खातं भाड्यानं द्यायची रीत नवी नाही. नोटाबंदीत गावागावांतल्या जनधन खात्यांमध्ये दुसऱ्यांच्या नोटा भरल्या गेल्या. शेवटी त्या खात्यांतून महिन्याला दहा हजारच काढता येतील, असा नियम रिझर्व्ह बँकेला करावा लागला. बंद झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के बँकेत परत आल्या. आईच्या साडेचौदा हजारांना सगळ्यांसमोर यावं लागलं आणि मोठ्यांचा पैसा गरिबांच्या पासबुकातून निघून गेला. हे मी विसरलो नाही.

डिजिटल रुपया आणि क्रिप्टो

डिजिटल रुपयाचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या फोनमधल्या नोटेचा, सामान्य लोकांसाठीचा वापर १ डिसेंबर २०२२ ला प्रयोग म्हणून सुरू झाला. लहान रकमांना नोटेसारखा खासगीपणा राहावा, असं रिझर्व्ह बँकेच्या टिपणात आहे. कल्पना मला आवडते, पण आमच्या बाजारात त्यात चुकारा देणारा अजून भेटला नाही. या हंगामापुरता विषय सोडून देतो.

क्रिप्टोत चुकारा कोणी देणार नाही, पण गावच्या पोरांना ‘युएसडीटी (डॉलरच्या किमतीचं क्रिप्टो नाणं) विकत घे, विक, मधले पैसे ठेव’ हे काम सांगणारे फोनवर भेटतात. विकताना खात्यात येणारा रुपया कोणाचा, हे कधीच कळत नाही. ते किटचंच दुसरं रूप आहे. शिवाय नफ्यावर ३० टक्के कर २०२२ पासून आहे आणि मार्च २०२३ पासून या व्यवसायाला मनी लाँडरिंगचा कायदा लागू आहे.

खासगीपणाचा जगभरचा वाद मात्र इथंच पेटला आहे. टॉर्नेडो कॅश नावाची क्रिप्टोतली एक सोय आहे. अनेकांची नाणी एकत्र मिसळून ती कोणाची हे पुसून टाकते. उत्तर कोरियाच्या चोरट्यांनी ती वापरली म्हणून अमेरिकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्यावर बंदी घातली. तेव्हा इथेरियम हे क्रिप्टो जाळं उभारणाऱ्या विटालिक ब्यूटेरिननं सांगितलं की युक्रेनला मदत पाठवताना त्यानंही ती वापरली होती, घेणाऱ्याची ओळख उघडी पडू नये म्हणून. मार्च २०२५ मध्ये बंदी उठली. चोर आणि मदत करणारा एकाच दारानं गेले. दार बंद केलं तर दोघं अडतात आणि सताड उघडं ठेवलं तर दोघं निसटतात. मला वाटतं, चोराला धरायला पोलिसानं कागद घेऊन यावं. प्रत्येक घराचं कवाड काढून नेऊ नये.

आपल्या न्यायालयांनीही तसंच काही म्हटलं आहे. २००४ च्या कॅनरा बँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कागद बँकेकडे दिला म्हणून माणसाचा खासगीपणा संपत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ ला बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली. दुसरीकडे जुलै २०२२ च्या निकालात त्याच न्यायालयानं ईडीचे मोठे अधिकार कायम ठेवले. या ओढाताणीत सामान्य माणसाला मागता येईल अशी गोष्ट साधी आहे. खातं अडवताना आदेश दाखवा, वादातली रक्कम तेवढीच अडवा, बाकी सोडा. मी ती मागितली, मिळाली नाही, तरी मागत राहणार.

पुतण्याला मी सांगितलं ते असं. तुझा कापूस चाळीस क्विंटलच्या आसपास आहे. वेचणीची मजुरी आणि घरखर्च भागेल एवढा, दहा-बारा क्विंटल, नगदीत दे. त्यातले काही तुझ्या बायकोच्या हातात ठेव आणि हिशेब मागू नको. बाकीचा बाजार समितीत ने आणि कर्जाच्या बँकेबाहेरच्या खात्यात घे. त्या खात्याला युपीआय जोडू नको. स्कॅनरसाठी वेगळं खातं ठेव, त्यात चार-पाच हजारांवर राहू देऊ नको. म्हणजे उद्या कोणाच्या पापानं होल्ड आला तरी हंगाम अडकणार नाही. अनोळखी माणसाला स्कॅनवर नगदी देऊ नको. फसवणूक झाली तर त्याच घटकेला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन कर.

तो म्हणाला, “आणि सातबारा मागणारा आला तर?” तो व्यापारी आमच्या सोयऱ्यातलाच आहे. मी म्हटलं, त्याला माझ्याकडे पाठव, नाही म्हणायचं काम मी करतो.